सांगली वाढली, पण रस्ते बांधापाशीच का थांबले?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "आम्ही धामणी रस्त्याकडच्या एका नव्या वसाहतीत राहतो. मुलीची शाळा गच्चीवरून दिसते, सरळ अंतर तीनशे मीटर असेल. जायला मात्र दीड किलोमीटर पडतं, कारण मध्ये एका ले-आऊटची भिंत आहे आणि तिच्यापलीकडे दुसऱ्याचा रस्ता संपतो. गावभागातल्या गल्ल्या अरुंद आहेत, तरी तिथं असं होत नाही. शहर वाढलं की रस्ते असे तुटक का होतात? आणि आता काही करता येतं का?"

या भागात ले-आऊट आखणं आणि मंजुरीला लावणं हेच माझं काम राहिलं आहे. तेव्हा या दुखण्यात आमच्या व्यवसायाचा हात किती, हेही जाता जाता येईलच.

आधी एक गैरसमज बाजूला करू. लोक म्हणतात, लोकसंख्या वाढली म्हणून असं झालं. सांगली-मिरज-कुपवाडची लोकसंख्या २००१ च्या जनगणनेत ४,३६,७८१ होती, २०११ मध्ये ५,०२,७९३ झाली. दहा वर्षांत साधारण १५ टक्के वाढ. ही काही स्फोटक वाढ नाही. रस्ते तुटले ते माणसं वाढली म्हणून नाही, तर नवी घरं कुठं बसली आणि त्यांचा रस्ता कोणी आखला यामुळे. जुन्या गावात वाट आधी होती आणि घर तिच्या कडेला आलं. नव्या भागात गट नंबर आधी आहे, आणि रस्ता त्या गटाच्या आत, त्या गटापुरता आखला जातो. गट संपला की रस्ता संपतो.

चिंतामणराव पटवर्धन मिरजेपासून वेगळे होऊन १८०१ मध्ये सांगलीत आले आणि इथं त्यांनी राजधानी वसवली. गणेशदुर्ग, त्याभोवती वस्ती, मग व्यापारी पेठा. गणपती पेठेत माल यायचा तो गाडीनं. एका तोंडानं आत आलेली गाडी दुसऱ्या तोंडानं बाहेर पडली नाही तर पेठच तुंबते. त्यामुळे गल्ली पुढं निघणं ही व्यापाराची गरज होती. बंद बोळ त्याही काळी होते, पण ते चार-पाच वाड्यांपुरते, पन्नास-साठ पावलांचे. गावभागातून मारुती चौकाकडं जायचं असेल तर एक वाट मांडवानं अडली तर दुसरी सापडते. मिरजेत ब्राह्मणपुरीपासून दर्ग्याकडे चालत निघालात तर गल्ल्या वळतात, पण कुठेतरी बाहेर काढतात. रुंदीच्या नियमात हे दोन्ही भाग नापास होतील. जोडणीच्या परीक्षेत मात्र शहरातल्या कुठल्याही मंजूर कॉलनीपेक्षा वरच्या नंबरानं पास होतील.

जोडणी मोजता येते, आणि तुम्ही घरबसल्या मोजू शकता. आपल्या घरापासून रोज लागणारी चार-पाच ठिकाणं घ्या: शाळा, किराणा, बस थांबा, दवाखाना. मोबाइलवरच्या नकाशात प्रत्येकाचं सरळ रेषेतलं अंतर आणि चालण्याचं अंतर काढा, आणि दुसऱ्याला पहिल्यानं भागा. आदर्श चौकटीच्या शहरात, म्हणजे सगळे रस्ते काटकोनात आणि सगळे जोडलेले, हा आकडा सरासरी १.२७ येतो. हे निव्वळ भूमितीचं गणित आहे. १.३ ते १.५ म्हणजे उत्तम समजा. २ च्या वर गेला की माणूस चालणं सोडून गाडीला किक मारतो. तुमचा आकडा १५०० भागिले ३००, म्हणजे ५.

दुसरी मोजणी चौकांची. एका चौकातून किती वाटा फुटतात ते बघायचं. बंद टोकाला १, तिठ्याला ३, चौकाला ४. एखाद्या वसाहतीत १ आणि ३ यांचीच गर्दी असेल तर तो रस्ता झाडासारखा वाढला आहे: एक खोड, त्याला फांद्या, फांद्यांना डहाळ्या, आणि डहाळीवरून शेजारच्या डहाळीवर जायला पुन्हा खोडापर्यंत उतरायचं. फरक किती पडतो ते आकड्यात बघा. शंभर चौक आहेत असं धरा. ते झाडासारखे जोडले तर रस्त्याचे ९९ तुकडे लागतात आणि एकही फेरा, म्हणजे निघून परत वेगळ्या वाटेनं येण्याची सोय, तयार होत नाही. तेच शंभर चौक दहा बाय दहाच्या जाळीत जोडले तर १८० तुकडे लागतात आणि ८१ फेरे मिळतात. झाडातला कुठलाही एक तुकडा खोदून ठेवला की त्याच्या पलीकडचे सगळे अडकले. जाळीतला एक खोदला तर लोक कुरकुरत शेजारून जातात.

आता हे झाड आपल्याकडं उगवतं कसं?

शहर वाढतं ते आधीपासून असलेल्या रस्त्यांच्या कडेनं: कोल्हापूर रस्ता, माधवनगर रस्ता, धामणी रस्ता, कुपवाड रस्ता, आणि सगळ्यात ठळक म्हणजे सांगली-मिरज रस्ता. विलिंग्डन महाविद्यालय १९१९ मध्ये या दोन गावांच्या मधल्या माळावर सुरू झालं, पुढं विश्रामबाग वाढलं, आणि आठ-दहा किलोमीटरच्या त्या पट्ट्यावर दोन्ही गावं एकमेकांकडं सरकत राहिली. १९९८ मध्ये सांगली, मिरज, कुपवाड मिळून महानगरपालिका झाली तेव्हा कागदावर एक शहर तयार झालं, सुमारे ११८ चौरस किलोमीटरचं. प्रत्यक्षात ते एका दांड्यावर ओवलेलं होतं.

गावातून बाहेर फुटणाऱ्या अशा दोन रस्त्यांमध्ये ६० अंशांचा कोन आहे असं माना. चौकापासून एक किलोमीटरवर ते एकमेकांपासून एक किलोमीटर दूर असतात, तीन किलोमीटरवर तीन. म्हणजे शहर जितकं बाहेर जातं, तितकी त्यांना आडव्या जोडणाऱ्या रस्त्यांची गरज वाढते, आणि नेमके तेच रस्ते कोणाचेच नसतात. बाहेर जाणारा रस्ता पूर्वापार आहे, तो बांधकाम खातं सांभाळतं. आतला रस्ता ले-आऊटवाला करतो, कारण त्याशिवाय प्लॉट विकला जात नाही. आडवा रस्ता पाच-पन्नास शेतकऱ्यांच्या जमिनीतून जातो, त्यानं कोणाचाच प्लॉट लवकर विकला जात नाही, म्हणून तो विकास आराखड्यात ठिपक्यांची रेघ होऊन राहतो. आपल्याकडं शंभर फुटी हा असा आडवा रस्ता. त्यानं किती फरक पडला ते रोज त्यावरून जाणाऱ्याला सांगायला नको. पण तसे दहा हवे होते.

आराखड्यातली ठिपक्यांची रेघ प्रत्यक्षात का उतरत नाही, त्याची कारणं सगळ्यांना तोंडपाठ आहेत: भूसंपादनाचे पैसे नाहीत, टीडीआर (जागेच्या बदल्यात पैशांऐवजी मिळणारा, दुसऱ्याला विकता येणारा बांधकामाचा हक्क) घ्यायला छोट्या शहरात गिऱ्हाईक कमी, आणि १९६६ च्या नगररचना कायद्यातलं १२७ वं कलम. आरक्षण दहा वर्षं पडून राहिलं की मालक नोटीस देतो, मुदतीत संपादन झालं नाही तर आरक्षण उडतं. रस्त्याच्या बाबतीत यातली मेख अशी की बागेचं आरक्षण उडालं तर एक बाग जाते, पण दोन किलोमीटरच्या रस्त्यातला साठ मीटरचा एक तुकडा उडाला तर सगळा रस्ता वाया.

आता ज्या ठिकाणी खरी गाठ आहे तिथं येतो: बांध.

समजा शेजारी-शेजारी दोन गट आहेत, दोन्ही शंभर मीटर रुंद आणि चारशे मीटर खोल, दोघांचंही तोंड एकाच रस्त्यावर. दोघांनी आपापल्या गटाच्या मधोमध रस्ता काढून दुतर्फा प्लॉट पाडले. सगळ्यात शेवटच्या दोन घरांच्या पाठी एकमेकींना लागून आहेत, एकाच्या फोडणीचा वास दुसऱ्याच्या घरात जातो. अंतर वीस-पंचवीस मीटर. रस्त्यानं जायचं तर ३९० मीटर बाहेर, १०० मीटर आडवं, पुन्हा ३९० मीटर आत. ८८० मीटर. दोन्ही ले-आऊट नियमाप्रमाणे मंजूर, दोन्हींचे रस्ते पुरेसे रुंद, दोन्हींत मोकळी जागा सोडलेली. चूक एकाही कागदावर सापडणार नाही, कारण ती दोन कागदांच्या मध्ये आहे.

नियम याविषयी अगदीच गप्प आहेत असं नाही. डिसेंबर २०२० पासून लागू झालेल्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीत शेजारच्या जमिनीतल्या रस्त्यांशी मेळ घालावा अशी तरतूद आहे. पण पहिला अर्ज येतो तेव्हा शेजारी ऊस उभा असतो. मेळ कोणाशी घालणार? मग पहिला येतो तो ठरवतो आणि दुसरा त्याच्याकडं पाठ करून बसतो. शिवाय त्याच नियमावलीत अंतर्गत रस्त्याची रुंदी लांबीवर ठरते. १५० मीटरपर्यंत ९ मीटर, ३०० पर्यंत १२, त्यापुढं १५. हेतू चांगलाच आहे, लांब रस्त्यावर वर्दळ जास्त. पण आखणाऱ्याच्या टेबलावर त्याचा अर्थ वेगळा होतो. रस्ता दीडशेच्या आत तोडला की तीन मीटरची पट्टी वाचते आणि तिचे प्लॉट होतात. शेजाऱ्यापर्यंत नेऊन जोडला तर लांबी वाढते, रुंदी वाढते, विकाऊ क्षेत्र घटतं. जोडणाऱ्याला दंड आणि तोडणाऱ्याला बक्षीस, असं हे कोष्टक नकळत सांगतं. गिऱ्हाईक म्हणून समोर बसलेला जमीनमालक पहिला प्रश्न "किती गुंठे निव्वळ निघतात?" हाच विचारतो, त्यामुळे आम्ही कुठं झुकतो ते वेगळं सांगायला नको.

त्याहून चलाख प्रकार म्हणजे पट्टी. नकाशात रस्ता बांधापर्यंत गेलेला दिसतो. प्रत्यक्ष मोजणीत तो बांधाच्या एक-दोन फूट आधी संपतो आणि ती चिंचोळी पट्टी मूळ मालकाच्या नावावर राहते. त्या पट्टीत शेवग्याचं झाडही नीट उभं राहणार नाही, पण उद्या शेजाऱ्याला रस्ता जोडायचा झाला तर त्या फूटभर जागेचे पैसे लाखांत मागता येतात. कधी पैसेही नको असतात, फक्त "त्यांची वर्दळ आमच्याकडं नको" एवढंच असतं. मंजुरी देणाऱ्याला हे पकडता येतं. प्लॉट, रस्ते, मोकळी जागा यांची बेरीज करून ती गटाच्या क्षेत्राशी ताडायची आणि रस्त्याच्या टोकाला नकाशावर मोजमाप लिहिलं आहे का ते बघायचं. टोकाला आकडा नसेल तर तिथंच बोट ठेवून विचारायचं.

आणि दोन्ही रस्ते बांधापर्यंत आले तरी भेटतीलच असं नाही. एक गटाच्या डाव्या अंगानं आलेला असतो, दुसरा उजव्या, मध्ये कोणाचा तरी प्लॉट. किंवा एकानं तीन फूट मुरूम भरून पातळी उचललेली आणि दुसरा काळ्या रानाच्या पातळीवरच. आपल्या काळ्या मातीत हे तीन फूट पावसाळ्यात काय करतात ते शामरावनगरमध्ये राहणाऱ्यांना विचारा.

गुंठेवारीचं काय, असं कोणी विचारेलच. सांगलीत रस्त्यांची सगळी बिलं गुंठेवारीच्या नावावर फाडायची पद्धत आहे. मला ते अर्धंच पटतं. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यानं शेतजमिनीचे लहान तुकडे विकायला बंदी घातली. गरीब माणसाला मात्र लहान तुकडाच परवडत होता. मग नोटरी करून, बाँडवर, एक-दोन गुंठे विकले गेले. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, तेहतीस बाय तेहतीस. विकणाऱ्यानं जाण्यापुरती दहा-पंधरा फुटांची वाट सोडली. मंजुरी नाही, त्यामुळे गटार नाही, पाण्याची लाइन नाही. २००१ मध्ये अशा बांधकामांना नियमित करणारा गुंठेवारी कायदा झाला, पुढं त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांसाठी वाढली. या कायद्यातला माझ्या दृष्टीनं मोठा तोटा हा की अर्ज प्लॉटमागं येतो. प्रत्येक जण आपला गुंठा कायदेशीर करून घेतो, रस्त्याच्या वतीनं अर्ज करायला कोणीच नसतं.

पण गुंठेवारीच्या वस्तीत प्रत्यक्ष चालून बघा. प्लॉट लहान असल्यामुळे वाटा जवळ-जवळ असतात. कुंपणं अपुरी असतात. दोन शेतांच्या मधला बांध लोकांनी तुडवून वाट केलेली असते, कारण बहुतेकांकडं चारचाकी नव्हती आणि कामाला कुपवाडच्या कारखान्यात सायकलनं जायचं होतं. रुंदी वाईट, गटार वाईट, पण जोडणी पुष्कळ ठिकाणी बरी. याउलट कमान, सुरक्षारक्षक आणि पेव्हर ब्लॉक असलेल्या मंजूर वसाहतीला दार एकच. त्यामुळे "नियोजित म्हणजे जोडलेलं" हे समीकरण डोक्यातून काढून टाका. बंद दारांच्या श्रीमंत वसाहती आपण गुंठेवारीला नावं ठेवत ठेवत मंजूर केल्या.

हे फक्त आपलं नाही. अमेरिकेत १९२९ च्या सुमारास न्यू जर्सीतल्या रॅडबर्नमध्ये मोटारीपासून मुलं सुरक्षित राहावीत म्हणून बंद टोकाच्या गल्ल्या मुद्दाम आखल्या. तिथं गल्लीच्या पाठीमागून चालणाऱ्यांसाठी वेगळ्या जोडवाटा आणि बागा होत्या. नकल करणाऱ्यांनी बंद गल्ली उचलली आणि जोडवाट गाळली. तिथल्या रस्त्यांचा शतकभराचा हिशेब २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. तुटकपणा १९९४ च्या आसपास कळसाला पोचला आणि नंतर उतरू लागला, असं त्यात दिसतं. पुढं २०२० मध्ये त्याच अभ्यासकांनी ओपनस्ट्रीटमॅप हा लोकांनी मिळून बनवलेला खुला नकाशा आणि उपग्रह चित्रं एकत्र करून साऱ्या जगाचा हिशेब मांडला. १९७५ पासून बहुतेक ठिकाणी नवे रस्ते जुन्यांपेक्षा कमी जोडलेले निघाले. आग्नेय आशियात ते फार ठळक आहे, तर दक्षिण अमेरिकेत बोलिव्हिया, अर्जेंटिना यांसारख्या देशांनी चौकटीची सवय बरीच टिकवली. श्रीमंती-गरिबीशी याचा थेट संबंध लागत नाही. बँकॉकचं उदाहरण आपल्याला जवळचं आहे. तिथं कालव्यांना काटकोनात भाताच्या लांब चिंचोळ्या पट्ट्या होत्या, एकेका पट्टीत एकेक गल्ली निघाली, आणि आज मोठ्या रस्त्यावरून आत शिरलेल्या लांबलचक गल्ल्या पलीकडं निघतच नाहीत. मोठे रस्ते तुंबतात कारण जवळच्या जवळ जायलाही सगळ्यांना त्याच रस्त्यावर यावं लागतं. विश्रामबाग चौकातली सकाळी दहाची गर्दी आठवा. त्यातले किती जण खरंच लांब चाललेले असतात?

तुटकपणाची किंमत फक्त पेट्रोलमध्ये मोजू नका. पाण्याची लाइन रस्त्याखालून जाते. रस्ता बंद टोकाचा तर लाइनही बंद टोकाची, शेवटच्या घरात दाब कमी आणि गाळ जास्त. लाइन फिरून जोडलेली असेल तर एका बाजूनं दुरुस्ती चालू असताना दुसऱ्या बाजूनं पाणी देता येतं. घंटागाडीला बंद गल्लीतून उलटं यावं लागतं, म्हणून ती तोंडाशीच उभी राहून भोंगा वाजवते आणि आतल्या आजी बादली घेऊन चालत येतात. शहर बस तर अशा वसाहतीत शिरूच शकत नाही. तिला आत जाऊन पलीकडून बाहेर पडायचं असतं. चिंतामणीनगरचा रेल्वेवरचा जुना पूल पाडून नवा बांधत होते तेव्हा माधवनगरकडच्या लोकांना जो वळसा पडला, तोही याच रोगाचा मोठा झटका. रूळ, नदी आणि ओढे ओलांडायच्या जागा मोजक्या, आणि त्यातली एक बंद झाली की शहराचा एक तुकडा बाजूला पडतो.

पुराचा विषय सांगलीत टाळून चालत नाही. आयर्विन पुलापाशी ४० फूट इशारा पातळी आणि ४५ फूट धोका पातळी. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं. २००५ आणि २०२१ चे पूरही ताजे आहेत. पुरात रस्त्यांचं जाळं एकदम पडत नाही, ते सखल तुकड्यापासून एकेक करून तुटत जातं. वसाहतीला बाहेर पडायची वाट एकच असेल आणि ती ओढ्यावरून जात असेल, तर घरात पाणी नसूनही माणसं अडकतात. म्हणून दुसरी वाट चढाच्या बाजूला असावी, ही मी पहिली अट धरतो.

इथं मात्र एक धोका आहे, आणि जोडणीचा प्रचार करणारे तो हमखास विसरतात. जोडायचं म्हणून प्रत्येक ओढ्यावर भराव टाकून रस्ता नेला तर रस्त्यांचं जाळं जुळतं आणि पाण्याचं तुटतं. भरावाखाली दोन फुटांचा सिमेंटचा पाइप टाकून "मोरी केली" म्हणणारे कमी नाहीत. मग पहिल्या मोठ्या पावसात वरच्या अंगाची वसाहत तळं होते. माझं मत असं की ओढ्यापलीकडे सगळे रस्ते वाहनांसाठी जोडायचा अट्टहास करू नये. तीन-चारशे मीटरवर एक भक्कम पूल, पुरेशा गाळ्याचा, आणि मधल्या जागी फक्त चालण्या-सायकलीसाठी हलके साकव. बाकी ओढा मोकळा.

जोडणीला विरोध करणारे रहिवासी सगळेच आडमुठे नसतात. बंद गल्लीत मुलं खेळतात, भरधाव डंपर येत नाही, चोरीची भीती कमी वाटते. ही किंमत खरी आहे, ती हसण्यावारी नेली की बैठक तिथंच मोडते. पण त्यांना वाहनं नको असतात, माणसं नव्हे. रस्ता जोडून मध्ये तीन खांब रोवले की चारचाकी थांबते, सायकल आणि माणूस जातो. रुग्णवाहिकेसाठी मधला खांब काढता येणारा ठेवायचा आणि त्याची किल्ली कोणाकडं ते आधी ठरवायचं. किल्ली हरवते, तेव्हा दोन करून ठेवा.

अजून न वसलेल्या भागासाठी खरा उपाय नगररचना योजना, आपण टीपी स्कीम म्हणतो ती. सगळ्यांच्या जमिनी कागदावर एकत्र करायच्या, रस्त्यांचं जाळं आधी कापायचं, आणि प्रत्येकाला थोडा लहान पण चांगल्या आकाराचा, रस्त्यावरचा भूखंड परत द्यायचा. प्रत्येकाचं थोडं जातं, कोणा एकाचं सगळं जात नाही, आणि बांध नावाची भानगडच संपते. याची मूळ तरतूद १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्यातली. आपल्या १९६६ च्या कायद्यातही ती आहे. गुजरातनं ती वापरत ठेवली, अहमदाबाद तशीच वाढली, आणि २००१ च्या भूकंपानंतर भुजच्या जुन्या गावातसुद्धा याच पद्धतीनं नवे रस्ते काढले. आपण अनेक दशकं ती कपाटात ठेवली आणि आता पुण्याच्या आसपास पुन्हा बाहेर काढतो आहोत. धामणी, अंकली, मालगावकडची रानं अजून पुष्कळ मोकळी आहेत, तिथं हे आजही जमेल. पूर्ण योजना जमत नसेल तर महापालिकेनं निदान दर दोनशे मीटरला एक आडवी आणि एक उभी रेघ मारून सांगाडा जाहीर करावा. मग पहिला येणारा शेजाऱ्याशी नव्हे, त्या रेघेशी मेळ घालेल.

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यानं २००९ मध्ये एक हत्यार वापरलं: जो ले-आऊट शेजाऱ्याला जोडलेला नाही, त्याचे रस्ते सरकार देखभालीसाठी ताब्यात घेणार नाही. विकासकांनी ओरड केली आणि अटी पुढं सैल झाल्या, हेही खरं. तरी कल्पना आपल्याकडं बसण्यासारखी आहे. रस्ता, दिवे, गटार महापालिकेनं सांभाळावं असं प्रत्येक वसाहतीला वाटतं. मग रस्ता बांधाला टेकल्याशिवाय आणि पट्टी मिटल्याशिवाय ताबा नाही, एवढी एक ओळ मंजुरीपत्रात पुरे.

आता तुमच्या शाळेच्या वाटेबद्दल. भिंतीशी भांडण्याआधी दोन कागद मिळवा. पहिला, जुना गावनकाशा. त्यात दुहेरी तुटक रेषा म्हणजे गाडीरस्ता, साडेसोळा ते एकवीस फुटांचा, आणि एकेरी तुटक रेषा म्हणजे पायवाट, सव्वाआठ फुटांची. पाणंदी आणि शिवरस्ते वसाहतींच्या खाली गाडले जातात, पण नकाशातून पुसले जात नाहीत. तुमच्या भिंतीच्या जागी अशी रेघ निघाली तर अर्धी लढाई तिथंच संपली. दुसरा कागद, दोन्ही ले-आऊटचे मंजूर नकाशे, माहितीच्या अधिकारात मिळतात. त्यात बघा, रस्ता महापालिकेकडं हस्तांतरित झाला आहे का. झाला असेल तर त्यावर भिंत घालायचा हक्क सोसायटीला नाही.

यातलं काहीच निघालं नाही तर मोकळ्या जागा शोधा. दहा टक्क्यांची मोकळी जागा बऱ्याचदा गटाच्या कोपऱ्यात, बांधाला चिकटून दिलेली असते, कारण तिथले प्लॉट तसेही विकले जात नाहीत. दोन ले-आऊटच्या मोकळ्या जागा पाठीला पाठ लावून असतील तर त्यातून दोन मीटरची पायवाट काढायला कोणाचा गुंठा जात नाही. दोन्हीकडच्या सोसायट्यांचे ठराव, महापालिकेला एक अर्ज, आणि शाळेचं एक पत्र जोडा. शाळेच्या पत्राला नगरसेवक लवकर हलतो. मागताना फक्त चालण्या-सायकलीचीच वाट मागा, चारचाकीचा विषय काढलात तर काम वर्षभर लांबेल. भिंतीला फट पाडणं स्वस्त असतं, महाग पडतो तो मधल्या गटारीवरचा स्लॅब आणि रात्रीचा दिवा. त्या दोन्हींचा अंदाज आधीच काढून अर्जासोबत लावा, आणि मंजुरी मिळाली की मुरूम पावसाळ्याआधी पसरून घ्या, नाहीतर जूनमध्ये मुली पुन्हा दीड किलोमीटरच्या वाटेनं जातील.